सोळा वर्षांच्या मुलाला आईबरोबर हा चित्रपट पाहू द्या : केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाला खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी मुंबईतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. माझ्या वर्गातली मुलं सोळा-सतरा वर्षांची. परळ, लालबाग, शिवडीची बरीच, काही थेट कळवा-दिव्याहून सकाळची लोकल पकडून येणारी. आपल्या कार्यालयात चित्रपटावर बसणाऱ्या एका छोट्या शिक्क्याचा या मुलांच्या घरात काय परिणाम होतो, ते आपल्यापर्यंत पोचावं म्हणून हे पत्र लिहिते आहे. खुलं अशासाठी लिहिलं की पालकांनीही ते वाचावं.

मागणी आधीच सांगून टाकते. दोन मुलग्यांच्या किंवा दोन मुलींच्या कोवळ्या वयातल्या प्रेमाचा चित्रपट आपल्यापुढे येईल तेव्हा मुलगा-मुलीच्या प्रेमाच्या चित्रपटाला जी पट्टी लावता तीच त्याला लावा. आणि सोळाव्या वर्षी पाहण्याजोगा असेल तर त्याला ‘यूए १६+’ द्या, म्हणजे सोळाखालच्यांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहावा असं प्रमाणपत्र. केवळ विषय पाहून ‘ए’, म्हणजे फक्त सज्ञान प्रेक्षकांसाठीचं प्रमाणपत्र, देऊ नका.

‘मूनलाइट’चं उदाहरण घेते, कारण या पत्राचं निमित्त तोच चित्रपट आहे. बॅरी जेन्किन्सचा हा चित्रपट २०१६चा. मायामीतल्या लिबर्टी सिटी या गरीब कृष्णवर्णीय वस्तीत वाढणाऱ्या शायरन नावाच्या मुलाची ही गोष्ट, तीन टप्प्यांत सांगितलेली : लहानपण, शाळेतलं किशोरवय आणि मोठेपण. तीन वेगवेगळे नट तो एकच मुलगा होतात. आई व्यसनाधीन. शाळेत मुलं मागे लागलेली. आणि केविन नावाचा एक मित्र, ज्याच्याबद्दल शायरनला जे वाटतं ते सांगायला त्याच्याजवळ भाषा नाही. ज्याच्या नाट्यलेखनावरून हा चित्रपट झाला तो टॅरेल अॅल्व्हिन मॅक्रेनी आणि स्वतः जेन्किन्स, दोघंही याच वस्तीत वाढले. फेब्रुवारी २०१७मध्ये त्याला ऑस्करचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पारितोषिक मिळालं. साहाय्यक अभिनेता आणि आधारित पटकथेचंही मिळालं. आपल्याकडे तो त्याच महिन्यात ‘ए’ प्रमाणपत्रासह लागला होता.

तेव्हाचा निर्णय चुकलाच असं माझं म्हणणं नाही. चित्रपटात अमली पदार्थ आहेत, शिव्या आहेत, मारहाण आहे. आणि त्या वेळी आपल्यापुढे ‘यूए’ आणि ‘ए’ यांच्या मध्ये दुसरी पायरीच नव्हती. आता ती आहे. २०२३ची कायदादुरुस्ती आणि २०२४चे नवे प्रमाणन नियम यांनी ‘यूए’चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग केले. हा बदल झाला तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. कारण सोळा म्हणजे नेमकं माझ्या वर्गातलं वय.

या चित्रपटातले दोन प्रसंग मला आपल्यापुढे ठेवायचे आहेत.

पहिला जेवणाच्या टेबलावरचा. शायरन अजून लहान आहे. ह्वान हा त्या भागातला अमली पदार्थांचा धंदा करणारा माणूस. त्याने या मुलाला जवळ केलंय, समुद्रात नेऊन पोहायला शिकवलंय. आता मुलगा मान खाली घालून त्याला विचारतो की शाळेतली मुलं मला ज्या शब्दाने चिडवतात त्याचा अर्थ काय. ह्वान गडबडत नाही. समलिंगी माणसांना कमीपणा वाटावा म्हणून वापरला जाणारा तो शब्द आहे, असं तो शांतपणे सांगतो. मी तसा आहे का, मला कसं कळेल, असंही मुलगा विचारतो. त्यावर, ते आत्ताच कळायला हवं असं नाही, वेळ आली की तुझं तुला कळेल, एवढंच त्याला मिळतं. पण मुलगा तिथे थांबत नाही. तू ड्रग्ज विकतोस का, माझी आई ते घेते का, हेही तो ह्वानला विचारतो. ह्वान खोटं बोलत नाही. मुलगा उठून निघून जातो आणि टेबलाशी बसलेल्या त्या मोठ्या माणसाची मान खाली जाते. एका मुलाशी खरं बोलणं म्हणजे काय, हे इतक्या थोडक्यात दाखवणारा दुसरा प्रसंग मी तरी पाहिलेला नाही. बी.एड.च्या मुलांना तो दाखवावा असं मला फार वाटतं.

दुसरा शाळेतला. एक दांडगट मुलगा केविनला चिथावून शायरनला मारायला लावतो. सगळी मुलं भोवती कडं करून उभी. केविन मारतो, शायरन उठून उभा राहतो. केविन त्याला कळवळून सांगतो की खालीच पडून राहा. तो पुन्हा उठतो. त्याला मारणारा हात त्याच्या आवडत्या माणसाचा आहे, आणि मारणाऱ्यालाही ते नको आहे, पण भोवतीच्या कड्यापुढे दोघांचं काही चालत नाही. नंतर मुख्याध्यापिकेच्या खोलीत, तू तक्रार दे, असं त्याला समजावलं जातं. तो रडतो आणि काहीच सांगत नाही. आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकाने ती खोली पाहिलेली आहे. मुलगा समोर बसलाय, ओठ फुटलाय, आणि नाव विचारलं की ‘जिन्यावरून पडलो’ म्हणतो.

हे दोन्ही प्रसंग मोठ्यांच्या करमणुकीसाठी नाहीत. ते बघायची गरज सर्वांत जास्त कोणाला असेल तर सोळा वर्षांच्या मुलांना : जो मार खातो त्याला, जो मारतो त्याला, आणि जे कडं करून उभे असतात त्यांना. त्यांचाच चित्रपट आणि दार त्यांनाच बंद.

माझा एक विद्यार्थी होता. आता तो विशी ओलांडलेला आहे, नोकरी करतो, आणि त्याला विचारूनच हे लिहिते आहे. त्याची ओळख पटेल असं काही यात नाही. अकरावीत मी ‘मला आवडलेला चित्रपट’ या विषयावर लिहायला सांगितलं होतं. वहीत त्याने तेव्हाच्या एका गाजलेल्या चित्रपटावर पानभर लिहिलं, तेच जे सगळे लिहितात. पण वहीच्या शेवटच्या पानावर वेगळ्याच अक्षरात, पेन्सिलीने, आठ-दहा ओळी होत्या. एक माणूस एका लहान मुलाला समुद्राच्या पाण्यात हातांवर आडवा धरून ठेवतो, मुलाचं डोकं त्याच्या तळहातावर असतं, आणि मुलाला पहिल्यांदाच कोणाची तरी भीती वाटत नाही, असं काहीसं. वर चित्रपटाचं नाव लिहून ते पेनने इतकं गिरवून खोडलं होतं की कागद फाटला होता. त्या फाटलेल्या जागेवर त्याने वरून चिकटपट्टी लावली होती.

मी काही विचारलं नाही. वही परत देताना, पोहण्याचा प्रसंग फार चांगला लिहिलायस, एवढंच म्हटलं. बऱ्याच दिवसांनी तो आपणहून बोलला. चित्रपट त्याने आईच्या मोबाइलवर पाहिला होता, रात्री सगळे झोपल्यावर, चादर डोक्यावर घेऊन. घर म्हणजे चाळीतली एक खोली, माणसं पाच. एका कानातच इअरफोन, कारण दुसरा कान घरच्यांच्या चाहुलीसाठी मोकळा ठेवायचा. कोणीतरी टेलिग्रामवर टाकलेली प्रत होती, खाली भलत्याच भाषेतल्या ओळी. मायामीच्या बोलीतलं इंग्रजी त्याला निम्मंही कळलं नव्हतं. तुकड्यातुकड्यांत पाहिला, आणि प्रत्येक वेळी मोबाइलमधून सगळं पुसून टाकलं.

जेवणाच्या टेबलावरचा तो प्रसंग त्याने चेहऱ्यांवरून ओळखला होता. मुलगा काहीतरी कठीण विचारतोय आणि माणूस रागवत नाहीये, एवढं त्याला समजलं होतं. नेमकं काय विचारलं आणि काय उत्तर मिळालं ते समजलं नव्हतं. ते मी त्याला स्टाफरूमबाहेरच्या बाकावर बसून मराठीत सांगितलं. जे उत्तर त्याला सर्वांत जास्त हवं होतं, ते त्याच्या हातात असूनही त्याला ऐकू आलेलं नव्हतं.

माझं म्हणणं या मुलामुळे पक्कं झालं. आपलं ‘ए’ प्रमाणपत्र मुलांना चित्रपटापासून दूर ठेवत नाही. मोबाइल हातात असताना ते आता कोणालाच शक्य नाही. ते त्यांना आमच्यापासून दूर ठेवतं. मुलं पाहायचं ते पाहतातच. आईबरोबर, बहिणीबरोबर, मित्रांच्या घोळक्यात पाहणं आणि नंतर बाहेर येऊन चार शब्द बोलणं, तेवढंच आपला शिक्का काढून घेतो.

ब्रिटनमध्ये ‘मूनलाइट’ला ‘१५’ हे प्रमाणपत्र आहे, म्हणजे पंधरा वर्षांचा मुलगा स्वतः तिकीट काढून आत जाऊ शकतो. अमेरिकेत ‘आर’ आहे, म्हणजे सतरा वर्षांखालच्या मुलाला पालकांबरोबर जाता येतं. आपल्याकडच्या ‘ए’मध्ये पालकांना स्थानच नाही. आई शेजारी उभी राहून, मी आहे याच्याबरोबर, माझी हरकत नाही, असं म्हणाली तरी दारावरचा माणूस मुलाला सोडू शकत नाही. सोडलं तर १९५२च्या कायद्याखाली चित्रपटगृहाच्या चालकावर कारवाई होते. शिवाय ‘ए’ चित्रपट टीव्हीवर लागत नाही, त्यासाठी बदल करून वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ज्या घरात फक्त केबलचा टीव्ही आहे तिथे तो कधी पोचतच नाही. उलट ‘यूए १६+’ म्हणजे आपण पालकांना सांगता की यात काय आहे ते जाणून घ्या आणि निर्णय तुम्ही करा. मला यापेक्षा जास्त काही नको आहे. आईबापांवर विश्वास ठेवा, इतकंच.

त्या मुलाची आई पोळी-भाजी केंद्र चालवते. पुढे बारावीत असताना त्याने तिला सांगितलं. घरात काय झालं, किती दिवस अबोला होता, ते त्यांचं त्यांच्यापाशी. पण एका दुपारी ती कॉलेजात आली. हाताला अजून पीठ होतं. म्हणाली, “मॅडम, तो ज्या सिनेमाबद्दल बोलतो तो मी बघू का? त्याच्याबरोबरच बघते. मला त्याला काय विचारायचं तेच समजत नाही. सिनेमा बघितला तर निदान त्याबद्दल तरी विचारीन.” मग जरा थांबून म्हणाली, “घरी नाही हो जमणार. घरात सासरे असतात. थिएटरात लागेल का कुठे?”

थिएटरात तो तेव्हा नव्हताच, पण असता तरी मुलाला अठरा पूर्ण नव्हती. तिला आत घेतलं असतं, त्याला नाही.

चित्रपटगृहाच्या अंधाराची या शहरातल्या माणसांना किती गरज असते, ते आपण रोज चित्रपट पाहणारी माणसं नक्की जाणता. एका खोलीत पाच जण राहतात तिथे दोन माणसांना एकमेकांशी बोलायला जागा नसते. आई आणि मुलगा शेजारीशेजारी बसून समोर बघतात, एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, रडू आलं तर कोणाला दिसत नाही. बाहेर पडल्यावर स्टेशनपर्यंत चालताना कोणीतरी एक वाक्य बोलतं. बऱ्याच घरांत एवढ्यानेच सुरुवात झाली असती.

आता हरकती. पालकसभेत मला हेच विचारलं जातं, आणि पालक वाईट हेतूने विचारत नाहीत, काळजीने विचारतात : असं काही पाहून मुलं तशी होतील का? मी त्यांना एवढंच सांगते की वर लिहिलेला मुलगा जन्मापासून मुलगा-मुलीच्याच प्रेमाचे चित्रपट पाहत वाढला. टीव्हीवर तेच, गणपतीत मंडपाच्या पडद्यावर तेच, हळदीत गाणी तीच. त्याने तो तसा झाला नाही. चित्रपट पाहून कोणाचं मन कोणावर बसावं हे ठरत असतं तर तो सगळ्यांसारखाच झाला असता. जे आहे त्याला नाव मिळणं, आणि आपण एकटे नाही हे कळणं, एवढंच चित्रपटाने होतं.

दुसरी हरकत अशी की हे आपल्याकडचं नाही. मराठीत विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१मध्ये रंगमंचावर आलं, एका मुलीवर जीव जडलेल्या मुलीची गोष्ट. चेतन दातारांच्या ‘एक माधवबाग’मध्ये आईच्या हाती मुलाची डायरी लागते आणि आपला मुलगा कोण आहे ते तिला कळतं. आपल्या या मुंबईतच २०१०पासून ‘कशिश’ हा चित्रपट महोत्सव होतो, आणि लिबर्टीसारख्या देखण्या, जुन्या चित्रपटगृहाने त्याला दार उघडून दिलं. हा विषय आपल्या भाषेत आणि आपल्या शहरात चांगला जुना आहे. पण महोत्सवासाठी नाव नोंदवून मरीन लाइन्सला येणारा प्रेक्षक वेगळा आणि दिव्याहून येणारी माझी मुलं वेगळी. त्यांच्यापर्यंत जे पोचतं ते गावातल्या, उपनगरातल्या साध्या चित्रपटगृहातून आणि टीव्हीवरून.

कोवळ्या वयातलं प्रेम मराठी प्रेक्षकाला चालत नाही असंही नाही. ‘शाळा’मधल्या नववीतल्या जोशीचं शिरोडकरवर जे होतं ते आपण सगळ्यांनी डोळ्यांत पाणी आणून पाहिलं. त्या चित्रपटाला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘सैराट’ तर घरंच्या घरं बघून आली, पोरं ‘झिंगाट’वर नाचली आणि शेवटच्या दृश्यानंतर कोणाला बोलवेना. जोशी शाळेच्या वाटेवर जे झुरतो तेच झुरणं, तीच चिठ्ठी, तोच एका बाकावर बसण्याचा आनंद, पण बाकावर शेजारी मुलगाच असेल, तर प्रमाणपत्र बदलावं का? एवढाच माझा प्रश्न आहे. त्यात शिव्या असतील, हिंसा असेल, शरीरसंबंधांचं चित्रण असेल तर त्याप्रमाणे वरची पायरी जरूर द्या. ते मुलगा-मुलीच्या चित्रपटाला जसं देता तसं. लहान मुलांना काहीही दाखवा असं मी म्हणत नाही. मी शिक्षिका आहे, वयाला काय झेपतं याचा विचार माझ्याही रोजच्या कामाचा भाग आहे.

आणि आपल्याला हे जमतं. ‘शुभ मंगल ज्यादा सावधान’ आणि ‘बधाई दो’ या दोन हिंदी चित्रपटांना आपण ‘यूए’ दिलंत. कुटुंबं मिळून ते पाहायला गेली आणि कुठे आभाळ कोसळलं नाही. त्याही आधी, १९९८मध्ये, दोन स्त्रियांच्या प्रेमावरचा दीपा मेहता यांचा ‘फायर’ आपल्या मंडळाने एकही दृश्य न कापता मंजूर केला होता. त्या डिसेंबरात याच मुंबईत चित्रपटगृहांवर हल्ले झाले, चित्रपट परत मंडळाकडे पाठवला गेला, आणि मंडळाने १९९९मध्ये तो पुन्हा तसाच, कात्री न लावता मंजूर केला. बाहेर काचा फुटत असताना आपल्या आधीच्या सदस्यांनी आपला निर्णय बदलला नाही. या इतिहासाबद्दल मला आदर आहे, म्हणूनच हे पत्र आपल्याकडे आलं.

कायदाही आता तेव्हाचा राहिलेला नाही. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी नवतेज सिंग जोहर प्रकरणात सज्ञान व्यक्तींमधले परस्परसंमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७च्या कक्षेतून बाहेर काढले. त्या निकालातली एक गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनी आपल्या निकालपत्रात केंद्र सरकारला सांगितलं आहे की या निकालाला दूरचित्रवाणी, रेडिओ, छापील आणि ऑनलाइन माध्यमांतून ठरावीक काळाने व्यापक प्रसिद्धी द्या, आणि या लोकांना चिकटलेला कलंक कमी करून शेवटी नाहीसा होईल असे कार्यक्रम हाती घ्या. आपलं मंडळ ज्या माहिती व प्रसारण मंत्रालयाखाली येतं त्याच्याच हातात ही माध्यमं आहेत. मी माझ्या वर्गात विचारते की असा एखादा कार्यक्रम किंवा जाहिरात कोणी पाहिली आहे का. एकही हात वर होत नाही. सरकारने निकाल घरोघर पोचवायचा होता. निदान तो पोचवणाऱ्या चित्रपटांना सोळा वर्षांच्या मुलांपाशी पोचू द्या.

१९९१ची आपली मार्गदर्शक तत्त्वंही मी वाचली आहेत. प्रमाणनाने सामाजिक बदलाची दखल घ्यावी, असं त्यांत उद्दिष्ट म्हणून लिहिलेलं आहे. चित्रपट सुटासुटा न पाहता त्याच्या एकंदर परिणामावरून जोखावा, हेही आहे. पण दोन पुरुषांमधलं किंवा दोन स्त्रियांमधलं प्रेम आणि स्त्री-पुरुषांमधलं प्रेम एकाच मापाने मोजावं, असं वाक्य मला त्यांत कुठे सापडलं नाही. ब्रिटनच्या प्रमाणन संस्थेच्या तत्त्वांमध्ये ते आहे : व्यक्तिरेखांचा लैंगिक कल कोणताही असो, निकष तेच. एका ओळीचं काम आहे. तत्त्वं केंद्र सरकार ठरवतं, मंडळ नाही, हे मी जाणते. पण शिफारस मंडळ करू शकतं, आणि मंडळाने केलेल्या शिफारशीचं वजन माझ्या पत्रापेक्षा कितीतरी जास्त आहे.

ही ओळ लेखी असणं का गरजेचं आहे, ते निर्मात्याच्या बाजूनेही पाहा. २०२५मध्ये रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाने अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळवलं. वडील गेल्यावर दहा दिवसांसाठी गावी गेलेला मुंबईचा आनंद आणि शेतात राबणारा त्याचा बालपणीचा सोबती बाळ्या, यांची ती गोष्ट. मराठी माणसाला अभिमान वाटावा असं हे यश. त्यातला नायक तिशीचा आहे. उद्या कोणी लेखक तेराव्या-सोळाव्या वर्षाची तशीच गोष्ट लिहायला बसला तर त्याच्या मनात पहिला प्रश्न येईल तो आपल्या मंडळाचा. ‘ए’ मिळालं की टीव्हीचे पैसे गेले, शाळा-कॉलेजचे खेळ गेले, सुट्टीत येणारा घरगुती प्रेक्षक गेला. छोट्या मराठी निर्मात्याला हे झेपत नाही. निर्णय पटला नाही तर पूर्वी अपिलासाठी लवाद होता, तो २०२१मध्ये बंद झाला; आता थेट उच्च न्यायालय. वकिलाची फी आणि तारखा कोण भरणार? म्हणून तो लेखक ती गोष्ट लिहितच नाही, किंवा दोन मुलांतलं एक पात्र मुलगी करून टाकतो. आपल्या कोणत्याही नोंदीत हे कधी दिसणार नाही, कारण आपल्यापर्यंत ते आलेलंच नसतं.

तेव्हा माझी विनंती अशी. निकष समान असतील ही ओळ मार्गदर्शक तत्त्वांत यावी अशी शिफारस मंडळाने सरकारला करावी, आणि ती येईपर्यंत सर्व प्रादेशिक कार्यालयांना तसं परिपत्रक काढावं. अशा एखाद्या चित्रपटाला ‘ए’ द्यायचीच वेळ आली, तर तेच दृश्य मुलगा-मुलीचं असतं तर काय दिलं असतं याचं उत्तर परीक्षण समितीने आपल्या अहवालात लेखी द्यावं. समितीच्या सल्लागारांमध्ये किशोरवयीन मुलांबरोबर रोज काम करणारी माणसं, शिक्षक, समुपदेशक, आणि समलिंगी समाजातली माणसंही असावीत. मुंबईत १९९४पासून हमसफर ट्रस्ट या समाजासाठी काम करते आहे, अनुभवी माणसं शोधायला लांब जावं लागणार नाही. आणि ज्या गाजलेल्या चित्रपटांना जुन्या पद्धतीत सरसकट ‘ए’ मिळालं आहे, ते कोणी नव्या १६+ पायरीसाठी परत घेऊन आलं, तर त्यांना जुनं प्रमाणपत्र बाजूला ठेवून नव्याने पाहावं. सुरुवात ‘मूनलाइट’पासून झाली तर मला विशेष आनंद होईल.

या पत्राची एक प्रत माहिती व प्रसारण मंत्रालयाला पाठवते आहे. आपण चर्चेला बोलावलंत तर मी आणि काही पालक पेडर रोडच्या आपल्या कार्यालयात यायला तयार आहोत. जिच्याबद्दल वर लिहिलं तीही येते म्हणाली आहे. फक्त वेळ दुपारी तीननंतरची द्यावी, त्याआधी तिचे डबे जायचे असतात.

आपली विश्वासू,
कनिष्ठ महाविद्यालयातील एक मराठी शिक्षिका
परळ, मुंबई